ठरलेल्या बजेटमध्ये उत्तम अकूस्टिक गिटार: पैसे नेमके कशावर घालावेत?

खर्ज (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. स्टील तारांची अकूस्टिक गिटार घ्यायची आहे. बजेट ठरलेलं आहे, ताणलं तर फार तर दहा टक्के ताणेल. वादन मुख्यतः बोटांनी, अधूनमधून पिकने स्ट्रमिंग आणि गाण्याला साथ. हात लहान. मंचावर वाजवायचा विचार तूर्तास नाही, पण पुढेमागे लागला तर असावा म्हणून पिकअपचा (गिटारीचा आवाज ॲम्पला पोचवणाऱ्या यंत्राचा) किडा डोक्यात वळवळतो आहेच.

तेवढ्याच पैशांत तीन पर्याय दिसतात.
क: नावाजलेल्या कंपनीची, फक्त टॉप (वरची फळी) सॉलिड (सलग लाकडाचा, थरांचा नाही), पिकअप नाही.
ख: फारशा ऐकिवात नसलेल्या कंपनीची, 'ऑल सॉलिड', बॅक-साइड (मागची आणि बाजूची फळी) रोझवूडची.
ग: नावाजलेल्या कंपनीची, पिकअप, कटवे (नेकपाशी बॉडीला कापलेली खाच), अंगातच ट्यूनर, सगळं आहे, पण माहितीपत्रकात नुसतं 'स्प्रूस टॉप' लिहिलंय.

माझा कल 'ख'कडे आहे. लाकूड अस्सल असेल तर बाकीचं नंतर सुधारून घेता येतं असं मला वाटतं. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

बेसूरतज्ज्ञ
पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवतो. लाकडाचा विषय निघालाय, आता दोनशे प्रतिसाद कुठे गेले नाहीत.

तरफ
खर्ज, लाकूड नंतर बदलत नाही हे बरोबर. पण 'बाकीचं सुधारता येतं' यातच मेख आहे. खुंट्या बदलता येतात, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल (तारा बॉडीवर टेकतात ती पट्टी) हाडाचे बसवता येतात, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून समपातळीत आणता येतात, पिकअप कधीही टाकता येतो. नेकचा कोन मात्र सहज सुधारत नाही. नेक आणि बॉडीच्या जोडात कोन चुकला असेल तर नेक काढून जोड तासून पुन्हा बसवावी लागते. डव्हटेल जोड (एकमेकांत अडकणाऱ्या खाचेचा) चिकटवलेला असेल तर वाफ देऊन सोडवावा लागतो. मधल्या किमतीच्या गिटारीला हा खर्च सहसा परवडत नाही. बोल्टने जोडलेली नेक असेल तर काम सोपं, पण तेही फुकट होत नाही.

म्हणून दुकानात पहिल्यांदा हे बघा. गिटार सुरात लावा. नेक जवळपास सरळ आहे याची खात्री करा. मग एक लांब सरळ पट्टी तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधून फ्रेटांवर टेकवा आणि ब्रिजपर्यंत (तारा अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यापर्यंत) सरकवा. पट्टीची धार ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकली किंवा केसभर वरून गेली तर कोन उत्तम. माथ्याच्या खाली, ब्रिजच्या अंगावर आदळली तर गिटार परत जागेवर ठेवा, लाकूड कितीही सुंदर असो.

पट्टी न्यायला लाज वाटत असेल तर सॅडलकडे बघा. ब्रिजच्या वर साधारण ३ मिमी सॅडल दिसतंय, आणि १२व्या फ्रेटवर जाड ई तार फ्रेटपासून २.४ मिमी, बारीक ई १.६ ते २ मिमी उंच आहे: हे निरोगी लक्षण. सॅडल १ मिमीच बाहेर आलंय आणि ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) तरीही ३ मिमी, तर खाली उतरायला वावच उरलेला नाही. लक्षात ठेवा, १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे सॅडल १ मिमी घासलं की तिथली उंची ०.५ मिमीच उतरते.

नीलाक्षी
+१. विक्रेता म्हणेल, 'ॲक्शन काय, ट्रस रॉडने खाली करून देतो.' तिथे सावध व्हा. ट्रस रॉड (नेकच्या आत बसवलेली धातूची सळई) नेकचा बाक ठरवतो. त्याने ॲक्शन थोडी हलते हा दुय्यम परिणाम. चुकलेला कोन रॉड आवळून झाकला तर नेक उलटी वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर सुरू होते.

सुतारपक्षी
तरफ यांच्याशी सहमत, आता टॉपबद्दल. आवाज करते ती वरची फळी. तारांची थरथर सॅडल आणि ब्रिजमधून तिच्यात उतरते आणि ती हवा हलवते. सॉलिड टॉप म्हणजे एकाच जातीची सलग लाकडी फळी, बहुधा मधोमध जोडलेली. लॅमिनेटमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते रेषांच्या आडव्या दिशेला जास्त ताठ होतं आणि तीच फळी कमी मोकळी हलते. फरक सर्वात जास्त ऐकू येतो तो हळू वाजवताना आणि सूर किती वेळ टिकतो त्यात. बोटांनी वाजवणाऱ्याला म्हणूनच सॉलिड टॉपचा फायदा जास्त.

ओळखायचं कसं: साउंडहोलच्या (टॉपवरच्या गोल भोकाच्या) कडेला प्रकाश पाडा. टॉपवरच्या बारीक रेषा कडेवरून खाली, फळीच्या जाडीत तशाच उतरताना दिसल्या तर सॉलिड. कडेला दोन-तीन थर किंवा मध्येच वेगळ्या रंगाची पट्टी दिसली तर लॅमिनेट. काही ठिकाणी कड काळ्या रंगाने किंवा पट्टीने झाकलेली असते, तेव्हा माहितीपत्रकावर जा. 'सॉलिड सिटका स्प्रूस टॉप' असं स्वच्छ लिहिलं असेल तर सॉलिड. नुसतं 'स्प्रूस टॉप' किंवा 'सिलेक्ट स्प्रूस' म्हणजे बहुतेक वेळा लॅमिनेट. सॉलिड असती तर त्यांनी ते लिहायचं सोडलं असतं का?

म्हणून 'ग' माझ्या यादीतून बाद.

खर्ज
'ग' बाद, मान्य. पण मग 'ख'ची बॅक-साइडही सॉलिड आहे, हा फायदाच ना? आणि वर रोझवूड!

मिझराब
रोझवूडच्या नावावर भाळू नका. अन्तोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार बनवली. टॉप लाकडाचा, पण बॅक आणि साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाज टॉपमधून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

अलीकडचंही घ्या. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ स्टील-तारांच्या गिटारी घेतल्या. बनावट एकसारखी, फक्त बॅक-साइडचं लाकूड वेगवेगळं, ब्राझिलियन रोझवूडसारख्या महागड्यापासून स्वस्त लाकडापर्यंत. मंद प्रकाशात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या. गुणांमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं.

सुतारपक्षी
मिझराब, तो प्रयोग बॅक-साइडच्या *जातीवर* होता, सॉलिड की लॅमिनेट यावर नव्हता. आणि त्या सगळ्या गिटारी एका निष्णात कारागिराने जपून बनवलेल्या होत्या. कारखान्यात 'रोझवूड मॉडेल' आणि 'महोगनी मॉडेल' यांत बॉडी, ब्रेसिंग (आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्या), टॉपचा दर्जा असं बरंच काही एकदम बदलतं, म्हणून तिथे फरक ऐकू येतो. तो लाकडाच्या खात्यावर जमा होतो एवढंच.

मिझराब
मान्य. पण मग खर्ज यांच्यासाठी निष्कर्ष तोच राहतो: रोझवूडसाठी वेगळे पैसे मोजू नका.

घुबड
रच्याकने (जाता जाता), रोझवूडच्या जागी सपेली, ओवांकोल, पाऊ फेरो अशी नावं माहितीपत्रकात का वाढली, याचं एक कारण कायद्याचंही आहे. जानेवारी २०१७ पासून साइटीस करारात (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) डल्बर्जिया, म्हणजे रोझवूडच्या, वंशाच्या सगळ्या जाती परिशिष्ट २ मध्ये (नियंत्रित व्यापार) गेल्या आणि गिटार विक्रीसाठी सीमेपार पाठवायलाही कागदपत्रं लागू लागली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये (सर्वात कडक नियम) आहे, ते सुटीत नाही. तर सपेली दिसली म्हणून गिटार हलकी समजू नका, लाकूड उत्तम आहे.

चौथी_पट्टी
थोडा विरोधी सूर लावतो. इथे 'लॅमिनेट म्हणजे टाकाऊ' असा माहोल तयार होतोय. टॉपबद्दल वाद नाही. पण बॅक-साइड लॅमिनेट असणं हा चांगल्या कंपन्यांनी जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. दमट आणि कोरड्या हवेच्या फेऱ्यांत लॅमिनेट कमी हलतं, सहसा तडकत नाही. टेलरच्या १०० आणि २०० मालिकांमध्ये बॅक-साइड थरांचीच असते आणि टॉप सॉलिड. म्हणजे खर्ज यांच्या 'क'चाच साचा.

उलट स्वस्तातली 'ऑल सॉलिड' हा मला सर्वात धोक्याचा प्रकार वाटतो. सॉलिड लाकूड नीट वाळवून मुरवावं लागतं, आणि त्यासाठी वेळ आणि जागा लागते. त्याच किमतीत चारही बाजू सॉलिड देणाऱ्याने पैसे कुठेतरी वाचवलेलेच असतात. बहुधा लाकूड मुरवण्यात, फ्रेटच्या कामात किंवा आतल्या सफाईत.

सुतारपक्षी
'धोक्याचा प्रकार' जरा जास्त झालं. काही छोटे कारखाने खरोखर चांगलं काम करतात, नावाचा आणि जाहिरातीचा खर्च नसल्यामुळे त्यांना ते जमतं. पण पारख करायची तयारी हवी. आत टॉर्च आणि छोटा आरसा घालून बघा. ब्रेसच्या कडेला गोंदाचे ओघळ, ब्रेसची टोकं साइडच्या अस्तराच्या खाचेत न बसता अधांतरी, ब्रिज प्लेटची (ब्रिजखाली आतून चिकटवलेल्या लाकडी पट्टीची) भोकं फाटल्यासारखी: यांतलं एक जरी दिसलं तरी पुढे जा. मग बोटाच्या पेराने टॉप आणि बॅक सगळीकडे हलकेच ठोका. एखाद्या जागी भडभड किंवा चरचर आली तर आतली पट्टी सुटलेली आहे.

न मुरलेल्या लाकडाची पहिली खूण नेकच्या कडेला मिळते. फ्रेटबोर्ड आकसतो, धातू आकसत नाही, त्यामुळे फ्रेटांची टोकं बाहेर येतात. दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. करवतीसारखं लागलं तर ते लाकूड अजून सुकतंय.

बेसूरतज्ज्ञ
आरसा, टॉर्च, पट्टी, फीलर गेज. गिटार घ्यायला चाललाय की पंचनाम्याला? (हलके घ्या.)

टिकटिक
पंचनामाच असतो तो. 😀 फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर मी सांगतो तसं करा. ०१२ गेजच्या (सर्वात बारीक तार ०.०१२ इंच जाड असलेल्या) सेटमधली बारीक ई तार ०.३० मिमी जाड असते, तिचा तुकडा खिशात ठेवा. जाड ई तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा, एखादा कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्यावर लावा म्हणजे हात मोकळा राहतो. आता सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेट यांच्यामधली फट म्हणजे रिलीफ. ०.१ ते ०.३ मिमी असावी. तुकडा अडकून तार वर उचलली गेली तर रिलीफ मर्यादेत आहे. तुकडा आरपार सैल जातोय तर बाक जास्त आहे. फटच नाही, तार फ्रेटला चिकटलेलीच आहे, तर नेक सपाट किंवा उलटी वाकलेली.

रिलीफ चुकलेला असणं हा दोष नव्हे. ट्रस रॉडची चावी पाव फेरा फिरवून तो सुधारतो. दुकानदाराला तुमच्यासमोर पाव फेरा फिरवायला सांगा. रॉड फिरतो आणि नेक प्रतिसाद देते हे बघणं महत्त्वाचं. जाम झालेला किंवा शेवटपर्यंत आवळून संपलेला रॉड असेल तर सौदा नको.

अनाहत
लहान हात आणि बोटांनी वादन या दोन्हींवर अजून कुणी बोललंच नाही. त्यावर तीन आकडे बघावे लागतात.

स्केल लांबी, म्हणजे नट ते सॅडल. ६४५ ते ६५० मिमी ही लांब समजली जाते, ६२८ ते ६३५ मिमी आखूड. आखूड स्केलवर त्याच सुराला त्याच तारांचा ताण कमी पडतो आणि फ्रेटही जवळ येतात. लहान हातांना दोन्ही सुखाचं. खाली सूर उतरवून वाजवायचं असेल तर मात्र तारा ढिल्या लागतात.

नटची रुंदी. ४३ मिमी सर्रास आढळते, ४४.५ मिमी बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी. दीड मिमीने काय होतंय असं वाटेल, पण तारांमध्ये बोट रुतवताना ते जाणवतं. लहान हातांना मात्र ४३ मध्येच बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) सोपा जातो. इथे दोन्ही वाजवून बघण्याला पर्याय नाही.

बॉडी. ड्रेडनॉटचा खालचा फुगा सुमारे ३९७ मिमी. मार्टिन कंपनीने हा आकार १९१६ मध्ये डिट्सन या वाद्यविक्रेत्या कंपनीसाठी बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला घेतला. खर्जाला भरदार, स्ट्रमिंगला उत्तम, पण लहान अंगकाठीच्या माणसाचा उजवा खांदा अवघडतो. ओएम किंवा ००० या लहान आकारांचा खालचा फुगा ३८१ मिमीच्या आसपास, कंबर बारीक, मांडीवर नीट बसते आणि सहाही तारांचा आवाज एकमेकांना दाबत नाही. बोटांच्या वादनाला मी डोळे झाकून हीच सुचवेन.

उदाहरण द्यायचं तर यामाहाची एफजी८०० आणि एफएस८०० ही जोडी बघा. दोन्हींचा टॉप सॉलिड स्प्रूस, नट ४३ मिमी. पण एफजी मोठ्या अंगाची आणि ६५० मिमी स्केलची, एफएस छोट्या अंगाची आणि ६३४ मिमीची. लहान हातांच्या माणसाने दोन्ही लागोपाठ वाजवल्या की काय हवं ते तिथल्या तिथे कळतं, मग कंपनी कोणतीही घ्या.

खर्ज
अनाहत, मनापासून धन्यवाद. माझा 'क' ड्रेडनॉट आहे. त्याच कंपनीची लहान बॉडी त्याच किमतीत मिळते हे आता पाहिलं.

बरं, पिकअप?

नीलाक्षी
आत्ता नको. कारण साधं आहे: ठरलेल्या किमतीत प्रीॲम्प (पिकअपचा आवाज वाढवणारं यंत्र) घातला तर तेवढे पैसे लाकडातून किंवा कामातून कापले जातात. शिवाय अंगातल्या प्रीॲम्पसाठी साइडला चौकोनी भोक पाडतात. दहा वर्षांनी तो प्रीॲम्प बिघडला आणि त्या मापाचा मिळाला नाही, तर भोक तुमच्याकडे कायमचं.

हवा तेव्हा साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक किंवा ब्रिज प्लेटला आतून चिकटवायचा पिकअप टाका. दुसऱ्या प्रकाराला फार तर खालच्या टोकाला जॅकपुरतं भोक लागतं. सॅडलखालचा पिएझो (दाबातून आवाज पकडणारा पिकअप) स्वस्त पडतो पण जोरात वाजवलं की आवाज किरटा, प्लॅस्टिकसारखा होतो. आणि त्यासाठी सॅडलचा तळ अगदी सपाट लागतो, नाहीतर एक तार मोठी आणि शेजारची मुकी.

रानवारा
वापरलेली गिटार का नाही? त्याच पैशांत एक पायरी वरची मिळते आणि लाकूड जे काही हलायचं ते हलून झालेलं असतं.

तरफ
उत्तम पर्याय, फक्त तपासणी वाढते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचं टोक सरकवून बघा. आत गेलं तर ब्रिज सुटायला लागलाय. टॉपवर ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा असतोच, तो घडवलेलाच असतो, घाबरू नका. पण ब्रिजच्या पुढे खड्डा आणि मागे टेकाड असं दिसलं, आणि जोडीला ॲक्शन उंच असली, तर आतल्या ब्रेस हरलेल्या आहेत.

पहिल्या तीन फ्रेटांवर तारांखाली खाचा पडलेल्या असतात. उथळ असतील तर फ्रेट घासून निघतात, खोल असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. आणि ब्रिज पिन सगळ्या नीट बसतात ना बघा. सतत वर येणारी पिन म्हणजे तारेचा गोळा ब्रिज प्लेटला न टेकता पिनच्या टोकाखाली अडकतोय, किंवा प्लेटच झिजली आहे. पहिलं कारण असेल तर तार बसवताना जरा वर ओढून सुटतं, दुसरं असेल तर दुरुस्ती लागते.

एक पक्कं विचारा: ही कधी उन्हात बंद गाडीत राहिली होती का? उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि तारांचा ताण आपलं काम करतो. ०१२ च्या सेटचा एकूण ताण ७० ते ७५ किलो असतो, गंमत नव्हे.

बेसूरतज्ज्ञ
७० किलो? म्हणजे माझ्या गिटारीवर अख्खा मी बसलोय. आता कळलं ती का रडते.

रानवारा
याच कारणासाठी नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीवर स्टीलच्या तारा चढवू नयेत. तिचा ताण साधारण ४० किलोचा धरून ब्रेसिंग केलेलं असतं. आधी टॉप फुगतो, मग ब्रिज उखडतो.

गंधार
सुरांबद्दल विचारतो. नवीन गिटारी ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या दाखवतात, तरी ई मेजर कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेचा सूर चढाच लागतो. गिटार बदलून पाहिली तरी तेच. दोष कुठला?

मिझराब
दोष नाही, तो सम-स्वरांतराचा नियम आहे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो. गिटारीचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, तिथे तो ४०० सेंटवर येतो. सुमारे १४ सेंट चढा. हार्मोनियमवरही हेच. तुमचा कान गायकीत तयार झाला असेल तर तो सदैव खटकणार. तिसरी तार (G) ई मेजरसाठी किंचित उतरवली तर सी मेजरमधला पंचम उतरा लागेल.

टिकटिक
अवांतर वाटलं तरी खरेदीत उपयोगी मुद्दा आहे. खरा इंटोनेशनचा (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागण्याचा) दोष आणि हा नियम वेगळे ओळखा. १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. ३-४ सेंटचा फरक चालतो. एकाच तारेला ८-१० सेंट दिसले तर आधी नवीन तार लावून बघा, जुनी तार खोटं बोलते. नवीनलाही तेच असेल तर सॅडलची धार चुकीच्या जागी आहे. चांगल्या सॅडलवर बी तारेची टेकण्याची जागा थोडी मागे घेतलेली दिसते.

आणि १२व्यावर सगळं ठीक, पण पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे कॉर्ड तेवढे बेसूर, हे दुकानातल्या नव्या गिटारींमध्ये सर्रास दिसतं. कारण नटच्या खाचा उंच सोडलेल्या असतात, त्यामुळे तार दाबताना जास्त ताणली जाते. चाचणी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम प्रकाश दिसावा. ढळढळीत फट असेल तर नट उंच आहे. एफ कॉर्ड लागत नाही म्हणून स्वतःच्या बोटांना दोष देणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या नटमध्ये भानगड असते.

चौथी_पट्टी
अर्ध्यांच्या? बाकीच्या अर्ध्यांनी रियाज करावा.

टिकटिक
😀 म्हणूनच सांगतो, बजेटचा एक हिस्सा सेटअपसाठी (गिटार नीट जुळवून घेण्यासाठी) आधीच बाजूला काढा. दहावा भाग काढलात तरी पुरे. सेटअप न केलेली भारी गिटार सेटअप केलेल्या मध्यम गिटारीपुढे हरते. क्रम असा: आधी रिलीफ, मग नटच्या खाचा, मग सॅडल, शेवटी इंटोनेशन. क्रम उलटा केला की आधी केलेलं काम पुन्हा करावं लागतं. सॅडल घरी घासणार असाल तर पेन्सिलने रेघ आखा, सपाट काचेवर १८०-२२० नंबरचा कागद ठेवा आणि खालची बाजू काटकोनात ठेवून घासा. ठरवलेल्याच्या निम्मं घासून तारा चढवा आणि मोजा. कमी घासलेलं पुन्हा घासता येतं.

नीलाक्षी
खरखर कुठे येते त्यावरून कारण सापडतं, हेही लिहून ठेवते. फक्त मोकळ्या तारेला खरखर: नटची खाच खोल. पहिल्या पाच फ्रेटांत: रिलीफ कमी. सातव्यापासून वर: सॅडल खाली किंवा रिलीफ जास्त. एकाच फ्रेटवर: त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. चौदाव्याच्या पुढे सगळीकडे: बॉडीच्या जोडावर फ्रेटबोर्डला उंचवटा. पहिले तीन किरकोळ, चौथा मध्यम, पाचवा असेल तर किंमत पाडा किंवा निघा.

रानवारा
खुंट्यांबद्दल. सूर सुटतो म्हणून लोक आधी खुंट्या बदलतात. तार लावताना नटपाशी 'टिंग' आवाज येऊन सूर उडी मारतो का ऐका. येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ शिसपेन्सिलीची भुकटी भरा. बहुतेकदा खुंट्या निर्दोष सुटतात.

खर्ज
बापरे, धागा वाचून डोकं गरगरलं, पण कामाचं सगळं मिळालं. 'ख' बघून आले. रोझवूड देखणं आहे, आवाजही मोठा. पण सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्याखाली साधारण १ मिमीवर आदळली, आणि फ्रेटांची टोकं हाताला लागली.

'क'ची लहान बॉडी: पट्टी माथ्यावर जेमतेम टेकली. रिलीफ ०.३ तुकड्याला किंचित घट्ट. ॲक्शन जाड ई २.८, बारीक ई २.१. सॅडल ब्रिजच्या वर सुमारे ४ मिमी. तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्यावर बरीच फट दिसते. बी तार १२व्यावर ६ सेंट चढी. आवाज 'ख'पेक्षा लहान वाटला. हीच घेऊ का?

तरफ
'ख' सोडा. हिचे आकडे चांगले आहेत. दिसतात ते सगळे दोष सेटअपने जाणारे आहेत. जाड ई २.८ वरून २.४ वर आणायला सॅडल तिथे ०.८ मिमी उतरवावं लागेल, ३ मिमीहून थोडं जास्तच उरतं. नट उतरला आणि ॲक्शन कमी झाली की बी तारेचे ६ सेंटही कमी होतील, कारण दाबताना ताण कमी पडेल. सॅडलचा आकार त्यानंतरच बघा.

सुतारपक्षी
एक दुरुस्ती. आवाज लहान वाटला त्यावर निर्णय घेण्याआधी दोन्ही गिटारींच्या तारा कोणत्या होत्या ते विचारा. दुकानात बऱ्याचदा ०१० किंवा ०११ चे जुने संच असतात. ०१२ फॉस्फर ब्राँझ चढवला की फरक पडतो. आणि वाजवणाऱ्याला स्वतःच्या गिटारीचा आवाज पुढे बसलेल्यापेक्षा कमी ऐकू येतो. दुसऱ्या कुणाला वाजवायला लावून सहा-सात फुटांवर समोर बसा, मग ठरवा.

अनाहत
०१२ आधी नको, लहान हात आहेत. सेटअप ०११-५२ वर करून घ्या. सेटअप करणाऱ्याला गेज *आधीच* सांगा, कारण गेज बदललं की ताण बदलतो आणि रिलीफही.

सुतारपक्षी
आखूड स्केलवर ०१२ जड जात नाही. टॉपला हलायला थोडा ताण हवा असतो.

अनाहत
ते बोटं तयार झाल्यावर. आज बॅरे लागला नाही तर गिटार पेटीतच राहील.

खर्ज
ठीक, ०११-५२ वर सेटअप सांगते. मी जिला साथ करते त्या गायिकेची पट्टी काळी एक आहे, म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी आकार वाजवायचे, बरोबर? आणि सॉलिड टॉपसाठी हवेची काळजी काय घ्यायची?

मिझराब
बरोबर. कॅपो फ्रेटच्या अगदी लगत लावा, फार आवळला तर सगळे सूर चढतील.

घुबड
हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली. कोरडं झालं की टॉप खाली बसतो, ॲक्शन उतरून खरखर येते, पुढे तडा जातो. दमट झालं की टॉप फुगतो, ॲक्शन चढते. गिटार भिंतीवर न टांगता कडक पेटीत ठेवा आणि पेटीत छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाका. पण स्वस्त हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको, आधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत ओलं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवा. ७० दाखवला तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवून वाचा.

खर्ज
मीठ ओलं करून ठेवलंय. सेटअपला गिटार टाकली की नटच्या खाचांचे आकडे इथे टाकते.

टिकटिक
आकडे टाकताना सहाही तारांचे वेगवेगळे टाका, आणि कुठल्या गेजवर मोजले तेही. जाड ई ची फट बारीक ई पेक्षा थोडी जास्तच ठेवतात, तिथे घाबरून पुन्हा घासायला सांगू नका.